सीव्हीई-२०२३-०३८६ : ओव्हरलेएफएसच्या कॉपी-अपमधून सेटयूआयडी फाइल बाहेर कशी पडते, आणि ती वाट कुठे कुठे अडवायची

माउंटपॉइंट

लिनक्स कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) सीव्हीई-२०२३-०३८६ हा दोष जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्त झाला. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या दोषाचा क्रमांक. तरीही १७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने तो 'प्रत्यक्ष वापरात असलेले दोष' या आपल्या यादीत घातला. पॅच येऊन दोन वर्षं उलटली तरी जुन्या कर्नलवर चालणाऱ्या मशिनी उरल्या आहेत, म्हणून हा धागा. आधी दोष नीट समजून घेऊ, मग उपायांकडे वळू. नुसते उपाय पाठ केले की अर्धवट लागू होतात.

ओव्हरलेएफएस दोन फोल्डर एकावर एक ठेवून एकच चित्र दाखवते. खालचा थर लोअर, तो फक्त वाचायचा. वरचा थर अप्पर, लिहिणं सगळं तिथे. शिवाय वर्क नावाचं एक मधलं फोल्डर लागतं, ते अप्परच्याच फाइल सिस्टिमवर असावं लागतं. लोअरमधली फाइल कुणी लिहिण्यासाठी उघडली, तिच्या परवानग्या बदलल्या किंवा नाव बदललं, तर कर्नल आधी ती फाइल पूर्ण अप्परमध्ये उतरवतो. मजकूर, मालक, गट, मोड, एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट, सगळं जसंच्या तसं. हेच कॉपी-अप, आणि दोष इथेच आहे.

आता लोअर थर नोसुइड, म्हणजे सेटयूआयडी बिट न मानणाऱ्या माउंटवर (जोडलेल्या फाइल सिस्टिमवर) आहे आणि त्यात रूटच्या (सर्वाधिकारी यूजरच्या) मालकीची, सेटयूआयडी बिट (चालवणाऱ्याला फाइलच्या मालकाचे अधिकार देणारी खूण) लावलेली फाइल आहे असं समजा. नोसुइडमुळे ती तिथून चालवली तर काहीच अधिकार मिळत नाहीत. पण नोसुइड हा माउंटचा गुण आहे, फाइलचा नाही. कॉपी-अप झालं की तीच फाइल, त्याच मालकासह आणि त्याच बिटासह, अप्परच्या खऱ्या डिस्कवर जाऊन बसते. ती डिस्क नोसुइड नसेल तर ती फाइल चालवणारा रूट होतो.

मूळ प्रवाहात, म्हणजे वितरणांच्या बदलांशिवाय, ५.११ पासूनचे कर्नल बाधित आहेत, कारण सामान्य यूजरला यूजर नेमस्पेसमध्ये (यूजरचे क्रमांक स्वतंत्र असलेल्या वेगळ्या कप्प्यात) ओव्हरले माउंट करण्याची मुभा ५.११ ने दिली. दुरुस्ती ६.२ मध्ये आली, आणि तिथून ५.१५.९१ व ६.१.९ या स्थिर आवृत्त्यांत.

बिटमास्क

एक गोष्ट मला पटत नाही. सामान्य यूजर आपल्या नेमस्पेसमध्ये रूट झाला तरी बाहेरच्या जगात तो सामान्यच. मग अप्परमध्ये खऱ्या रूटच्या मालकीची फाइल त्याला तयारच कशी करता येते? चाउन (फाइलचा मालक बदलणं) केलं तर कर्नल नाही म्हणतो. मग कॉपी-अपला होय का म्हणतो?

सिस्टिमकॉल

@बिटमास्क, दोषाचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

यूजर नेमस्पेसमध्ये चाउन हा सिस्टिम कॉल आला की कर्नल सगळ्यात आधी तुम्ही दिलेला आकडा नेमस्पेसच्या नकाशातून बाहेरच्या खऱ्या यूआयडीत (यूजरच्या क्रमांकात) बदलतो. नेमस्पेसमधला ० म्हणजे बाहेरचा १०००, असा एका ओळीचा नकाशा असेल तर बाहेरच्या खऱ्या ० ला आत काही आकडाच नाही. जो आकडा उच्चारताच येत नाही, तो मागताही येत नाही. बाकी सगळे आकडे 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परत येतात.

कॉपी-अप मात्र या दारातून येतच नाही. ओव्हरलेएफएस लोअर फाइलची माहिती कर्नलच्या आतूनच वाचतो. तिथे मालक आधीच खऱ्या, बाहेरच्या स्वरूपात असतो. तोच आकडा तो नव्या फाइलवर लावायला सांगतो. त्यापुढची तपासणी विचारते ती एवढंच: ही फाइल सध्या ज्याच्या मालकीची आहे तो मालक या नेमस्पेसच्या नकाशात आहे का, आणि सांगणाऱ्याकडे चाउनची क्षमता (रूटच्या अधिकारांपैकी तेवढा तुकडा) आहे का? नवी फाइल वर्क फोल्डरमध्ये माउंट करणाऱ्याच्याच नावाने नुकतीच तयार झालेली असते, त्यामुळे दोन्ही उत्तरं होकारार्थी. नवा मालक नकाशात आहे का, हे त्या पायरीवर कुणी विचारतच नाही. ते सिस्टिम कॉलच्या दारात विचारलं गेलं असणार, असं गृहीत धरलेलं आहे.

सेटयूआयडी बिटाचंही तेच. एरवी फाइलचा मालक बदलला की तो बिट आपोआप उतरतो. पण 'बिट उतरव' ही सूचना चाउनच्या सिस्टिम कॉलच्या कोडमध्ये जोडली जाते. ओव्हरलेएफएस आधी मोड लावतो, मग मालक लावतो, आणि ही सूचना जोडत नाही. जोडायचीही नसते, कारण त्याला फाइल हुबेहूब उतरवायची आहे. म्हणून बिट टिकतो.

बिटमास्क

आता उलगडलं. म्हणजे दुरुस्ती तोच प्रश्न कॉपी-अपच्या सुरुवातीला विचारते?

सिस्टिमकॉल

हो, दुरुस्ती अगदी छोटी आहे. लोअर फाइलचा यूआयडी किंवा जीआयडी (गटाचा क्रमांक) चालू नेमस्पेसच्या नकाशात नसेल तर कॉपी-अप तिथेच थांबतं आणि 'ईओव्हरफ्लो' ही चूक परत येते. तिच्यासोबतचा तर्कही सरळ आहे: माउंट करणाऱ्याने हीच फाइल 'सीपी -ए' (मालकासकट प्रत काढणारी आज्ञा) ने उतरवायचा प्रयत्न केला असता तर जे अडलं असतं, ते कॉपी-अपमध्येही अडलं पाहिजे.

एक बारीक फरक उरतो. नकाशात नसलेला मालक नेमस्पेसच्या आतून पाहिला की ६५५३४ असा दिसतो. त्या नेमस्पेसच्या नकाशात ६५५३४ खरोखर असेल, तर 'सीपी -ए' त्या नावाने फाइल बनवून मोकळं होतं. दुरुस्त केलेलं कॉपी-अप मात्र तिथेही नकारच देतं. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे आणि मला तो योग्य वाटतो. अनोळखी मालकाला कुणाचं तरी नाव चिकटवण्यापेक्षा थांबणं बरं.

रात्रपाळी

बहुतेक ठिकाणी हा दोष 'फ्यूजचा', म्हणजे सामान्य यूजरच्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम पुरवू देणाऱ्या सोयीचा, म्हणून सांगितला जातो. मग फ्यूज काढून टाकलं की प्रश्न मिटला, असं धरायचं का? की /इटीसी/फ्यूज.कॉन्फ मधलं 'यूजर_अलाऊ_अदर' बंद केलं तरी पुरे?

माउंटपॉइंट

दोन्ही नाही. दुसऱ्याचं आधी सांगतो. 'यूजर_अलाऊ_अदर' दुसऱ्या यूजरना तुमचं फ्यूज माउंट दिसावं की नाही हे ठरवतं. इथे फ्यूज माउंट करणारा आणि ओव्हरले माउंट करणारा बाहेरच्या हिशेबात एकच यूजर असतो, त्यामुळे ते बंद असूनही काही अडत नाही.

फ्यूज सोयीचं पडतं ते एवढ्याचसाठी की फ्यूजचा प्रोग्रॅम यूजरचाच असतो, आणि 'ही फाइल रूटची आहे, मोड ४७५५ (सेटयूआयडी लावलेला) आहे' असं तो काहीही सांगू शकतो. 'फ्यूजरमाउंट' हा सेटयूआयडी मदतनीस असं माउंट नोसुइड आणि नोडेव्ह लावूनच करतो, म्हणून एरवी ही थाप निरुपद्रवी असते. फ्यूज नेमस्पेसच्या आत माउंट केलं, जे ४.१८ पासून शक्य आहे, तर तिथला ० यूजरच्या स्वतःच्याच यूआयडीवर उतरतो आणि थाप फसते. म्हणजे कळीची बाब अशी की लोअर थर बाहेरच्या मूळ नेमस्पेसमध्ये माउंट झालेला हवा.

आता यादी करा. मूळ नेमस्पेसमध्ये नोसुइडसह माउंट होणारं आणि ज्याचा मजकूर हल्लेखोराच्या हाती आहे असं आणखी काय असतं? डेस्कटॉपवर यूडिस्क्समार्फत माउंट होणारा ईएक्सटी४ चा पेनड्राइव्ह. दुसऱ्या मशीनवर रूटची सेटयूआयडी फाइल टाकून आणलेला पेनड्राइव्ह लोअर थर म्हणून तितकाच चालेल. दुसऱ्याच्या ताब्यातल्या सर्व्हरवरून येणारं नोसुइड एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) माउंटही त्याच जातीचं. म्हणून 'फ्यूजरमाउंट३' चा सेटयूआयडी बिट काढणं ही तात्पुरती आडकाठी आहे, दुरुस्ती नव्हे. त्याची किंमतही मोजावी लागते: सामान्य यूजरचं एसएसएचएफएस आणि बरेच अॅपइमेज बंद पडतात.

कंटेनरवाली

कंटेनर चालवणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण 'आमचं सगळं डॉकरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित' आणि 'आमचं सगळं डॉकरमध्ये आहे, म्हणजे ओव्हरले आहे, म्हणजे धोक्यात' ही दोन्ही वाक्यं सारखीच चुकीची आहेत.

डॉकर स्वतः ओव्हरले माउंट रूट म्हणून करतो. त्या माउंटमुळे हा दोष उघडा पडत नाही. प्रश्न एवढाच की कंटेनरमधली प्रोसेस नवा यूजर नेमस्पेस बनवून त्यात स्वतःचं माउंट करू शकते का. डॉकरचं मूळ सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारी चाळणी) प्रोफाइल लागू असेल आणि कॅप_सिस_अॅडमिन ही व्यवस्थापनाची क्षमता दिलेली नसेल तर माउंट आणि नवा यूजर नेमस्पेस दोन्ही अडतात. /डेव्ह/फ्यूज सुद्धा कंटेनरला न मागता मिळत नाही. पण 'प्रिव्हिलेज्ड' लावलं किंवा सेककॉम्प 'अनकन्फाइन्ड' ठेवलं की ती भिंत गेली.

कुबरनेटीसमध्ये इथेच फसगत होते. पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाच्या) वर्णनात सेककॉम्पबद्दल काही लिहिलं नाही, तर काहीही प्रोफाइल लागत नाही. 'रनटाइम डिफॉल्ट' प्रत्येक पॉडला स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर क्यूबलेटचं (प्रत्येक मशीनवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) 'सेककॉम्प डिफॉल्ट' चालू करावं लागतं. ते १.२७ मध्ये स्थिर झालं आहे, पण आपोआप चालू होत नाही.

रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवणारं साधन) ही वेगळी गोष्ट. त्याचा पायाच यूजर नेमस्पेस आहे. तिथे ते बंद करणं म्हणजे पॉडमन बंद करणं. अशा मशीनला कर्नल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रात्रपाळी

कर्नल लगेच बदलता येत नसेल, रीबूटची वेळ चार दिवसांनी असेल, तर तोवर नेमका कोणता स्विच फिरवायचा? दोन-तीन वेगवेगळी नावं वाचायला मिळतात.

सिस्टिमकॉल

नावं वेगळी, कारण स्विच वेगळे आहेत.

'कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन' हे डेबियन आणि उबंटूने आपल्या कर्नलमध्ये घातलेलं आहे. ० केलं की कॅप_सिस_अॅडमिन नसलेल्यांना नवा यूजर नेमस्पेस बनवता येत नाही, रूटला येतो. डेबियन ११ पासून हे मुळात १ असतं, म्हणजे वाट खुली.

'यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस' हे मूळ कर्नलचं आहे, त्यामुळे रेड हॅटच्या वंशातल्या वितरणांवर हेच वापरतात. ० केलं की रूटसकट सगळ्यांचीच निर्मिती थांबते. सिस्टिमडीच्या (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ज्या सेवांमध्ये 'प्रायव्हेटयूजर्स' आहे त्या मग सुरू होताना अडखळू शकतात, त्या आधी शोधून ठेवा.

तिसरं 'कर्नल.अॅपआर्मर_रिस्ट्रिक्ट_अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस'. उबंटू २३.१० मध्ये आलं, २४.०४ मध्ये मुळातच चालू. यात नेमस्पेस मिळतो, पण अॅपआर्मरचं (प्रोग्रॅमवर मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेचं) प्रोफाइल नसलेल्या प्रोग्रॅमला त्यातल्या क्षमता मिळत नाहीत, म्हणून माउंट अडतं. मार्च २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने याला वळसा घालणाऱ्या तीन वाटा जाहीर केल्या. याला एक जास्तीचा थर समजा, कुलूप समजू नका.

यात हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, किंमत चालू कर्नलमध्ये बदलली तरी ती /इटीसी/सिस्कटीएल.डी मधल्या फाइलीत लिहिली नाही तर पुढच्या रीबूटला जाते. नवा कर्नल तोवर आलाच नसेल, किंवा काही अडचणीने जुन्याच कर्नलवर मशीन उठली, तर दार पुन्हा उघडं. दुसरी अधिक महत्त्वाची: हे स्विच फक्त नव्या नेमस्पेसची निर्मिती रोखतात. आधीच चालू असलेल्या नेमस्पेसला हात लावत नाहीत. आत बसलेली प्रोसेस अजूनही ओव्हरले माउंट करू शकते. म्हणून स्विच फिरवल्यावर 'एलएसएनएस -टी यूजर' चालवून काय जिवंत आहे ते पाहा, आणि जे ओळखीचं नाही त्याचा माग काढा.

डेस्कटॉपवर काय मोडेल: क्रोमियमवर्गीय ब्राउझरांचा सँडबॉक्स, इलेक्ट्रॉनवर बांधलेली अॅप, आणि सेटयूआयडी नसलेल्या बबलरॅपवरचं फ्लॅटपॅक. अशा वेळी 'नो-सँडबॉक्स' लावून ब्राउझर चालू करणं हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो कृपया मानू नका. वेबवरचा अनोळखी कोड थेट यूजरच्या अधिकाराने चालू देणं हे या दोषापेक्षा मोठं संकट आहे.

इनोड

मॉड्यूलच बंद करण्याबद्दल: ज्या सर्व्हरवर कंटेनर नाहीतच, तिथे ओव्हरलेची गरजही नसते. पण मॉडप्रोबच्या फाइलीत 'ब्लॅकलिस्ट ओव्हरले' एवढंच लिहिलं तर नाव घेऊन ते मॉड्यूल अजूनही चढवता येतं. 'इन्स्टॉल ओव्हरले /बिन/फॉल्स' लिहा, म्हणजे दोन्ही वाटा बंद. आधीच चढलेलं असेल तर उतरवावं लागतं, आणि कुठेही माउंट चालू असेल तर ते उतरत नाही. ओव्हरले कर्नलमध्येच बांधलेलं असेल, मॉड्यूल म्हणून नसेल, तर यातलं काहीच चालत नाही. /बूट मधल्या कॉन्फिग फाइलीत ओव्हरलेएफएसपुढे 'एम' आहे की 'वाय' ते आधी बघा.

पण या सगळ्यापेक्षा ज्याकडे कमी लक्ष जातं ते सांगायचं आहे: नोसुइड. हल्ल्याची शेवटची पायरी म्हणजे अप्परमधली फाइल नेमस्पेसच्या बाहेरून चालवणं. नेमस्पेसच्या आत तिला अर्थ नाही, कारण खरा ० तिथल्या नकाशात नाही आणि कर्नल अशा फाइलचा सेटयूआयडी मानत नाही. म्हणून सामान्य यूजर जिथे जिथे लिहू शकतो ते प्रत्येक माउंट नोसुइड असेल, तर फाइल तयार होऊनही निकामी राहते. फाइलवर लावलेल्या क्षमताही नोसुइडमध्ये मानल्या जात नाहीत, म्हणजे तोही आडमार्ग बंद.

सिस्टिमडी /डेव्ह/एसएचएम आणि /रन/यूजर खालची फोल्डर आधीच नोसुइड ठेवतो. /टीएमपी टेम्पएफएसवर (मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर) असेल तर तेही. /टीएमपी मूळ डिस्कवर असेल तर मात्र नाही. /व्हार/टीएमपी जवळजवळ नेहमीच राहून जातं. /होम वेगळं विभाजन असेल तर एका शब्दाचं काम आहे, नसेल तर बाइंड माउंट करून त्यावर नोसुइड लावता येतं. त्याशिवाय /व्हार/क्रॅश, छपाई आणि मेलची फोल्डर, वेब सर्व्हरची अपलोड फोल्डर, आणि कुठल्याशा प्रोग्रॅमने /ऑप्ट खाली सगळ्यांना लिहिता येईल असं ठेवलेलं काही. 'फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप डी -पर्म -०००२' ने मूळ डिस्कवरची अशी फोल्डर सापडतात. सेवांच्या यूजरना लिहिता येणारी यात येत नाहीत, ती हाताने बघावी लागतात.

लॉगवाचक

कुणी हे आधीच वापरून गेलं आहे का, हे शोधण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिली पायरी: रूटच्या मालकीच्या, सेटयूआयडी असलेल्या सगळ्या फाइलींची यादी काढा, 'फाइंड' ला '-यूजर रूट -पर्म -४०००' देऊन. '-एक्सडेव्ह' लावलं तर प्रत्येक फाइल सिस्टिमवर वेगळं चालवा, नाहीतर /होम निसटतं. मग प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजची ते 'डीपीकेजी -एस' किंवा 'आरपीएम -क्यूएफ' ने विचारा. जिचं पॅकेज नाही ती संशयित. अर्थात काम झाल्यावर फाइल पुसणं सोपं आहे, त्यामुळे काही न सापडणं हा निर्दोषपणाचा दाखला नाही.

फाइल पुसली तरी कधी कधी वर्क फोल्डर मागे राहतं. ओव्हरले त्याच्या आत 'वर्क' नावाचं आणखी एक फोल्डर बनवतो, ज्याच्या परवानग्या शून्य असतात. एलएस मध्ये डी आणि पुढे नुसत्या नऊ आडव्या रेघा दिसतात. /टीएमपी, /व्हार/टीएमपी किंवा कुणाच्या होममध्ये असं दिसलं तर इथे सामान्य यूजरने ओव्हरले माउंट केलं होतं. रूटलेस पॉडमनही आपल्या साठवणीत हेच ठेवतो, त्यामुळे जागा बघून निष्कर्ष काढा.

पुढच्यासाठी ऑडिटचा नियम लावायचा तर एक खोच आहे. जुने नियम फक्त 'माउंट' या सिस्टिम कॉलवर असतात. यूटिल-लिनक्स २.३९ पासून माउंटची आज्ञा नवी पद्धत वापरते: एफएसओपन, एफएसकॉन्फिग, एफएसमाउंट, मूव्ह_माउंट. नियमात हे चारही घाला, नाहीतर नव्या वितरणांवर लॉग कोरा राहील आणि सगळं शांत आहे असा समज होईल. ऑडिटचा यूआयडी १००० किंवा वर अशी अट ठेवा. डेस्कटॉपवर फ्यूजमुळे गलका होईल, सर्व्हरवर होणार नाही.

बिटमास्क

आवृत्तीबद्दल शेवटचं. 'यूनेम -आर' मध्ये ५.१५.० दिसतं, म्हणजे ५.१५.९१ पेक्षा खाली. पण वितरण म्हणतं की पॅच झालं आहे. विश्वास कशावर ठेवायचा?

माउंटपॉइंट

आकड्यावर ठेवू नका. वितरणं मूळ आकडा तसाच ठेवून दुरुस्त्या मागे आणतात, आणि सुविधाही मागे आणतात, म्हणून ५.११ पेक्षा जुना आकडाही आपोआप सुरक्षित नसतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा क्रमांक शोधा: 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग' किंवा 'अॅप्ट चेंजलॉग'. मग चालू असलेला कर्नल तोच आहे का ते पाहा. पॅकेज बसलं पण रीबूट झालं नाही, ही अवस्था फार वेळा दिसते. डेबियन-उबंटूवर /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल आणि रेड हॅटकडे 'नीड्स-रीस्टार्टिंग -आर' ते सांगतात. सार्वजनिक हल्ला-कोड उतरवून कामाच्या सर्व्हरवर 'चालतोय का बघू' हे करू नका. तो कोड कुणाचा आणि त्यात आणखी काय आहे हे तुम्ही तपासलेलं नसतं.

सिस्टिमकॉल

उबंटूवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. सीव्हीई-२०२१-३४९३, आणि जुलै २०२३ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीने 'गेमओव्हरले' या नावाने जाहीर केलेले सीव्हीई-२०२३-२६४० व सीव्हीई-२०२३-३२६२९, हे दिसायला याच कुटुंबातले आहेत, पण मूळ वेगळं. ते उबंटूने ओव्हरलेएफएसमध्ये स्वतः केलेल्या बदलांतून आले, आणि तिथे मालकाऐवजी फाइलच्या क्षमता नेमस्पेसमधून बाहेर निसटत होत्या. ०३८६ चं पॅच त्यांना झाकत नाही. चेंजलॉगमध्ये चारही क्रमांक वेगवेगळे शोधा.

आणि जानेवारी २०२२ मधला सीव्हीई-२०२२-०१८५ ओव्हरलेचा नाहीच. तो माउंटचे पर्याय वाचणाऱ्या कोडमधला. ४०९६ बाइटच्या जागेत किती उरलं हे मोजताना 'पान वजा २ वजा आतापर्यंतचं' अशी बिनचिन्ह वजाबाकी होती. आतापर्यंतचं ४०९४ च्या पुढे गेलं की उत्तर ऋण होण्याऐवजी प्रचंड मोठं होत होतं आणि तपासणी पार पडत होती. दुरुस्तीत वजाबाकी काढून बेरीज केली. तिथवर सामान्य यूजर पोचत होता तो याच यूजर नेमस्पेसच्या दारातून. म्हणून ज्या सर्व्हरवर नेमस्पेसची गरज नाही तिथे पॅच झाल्यावरही ते बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

कंटेनरवाली

पॅचनंतरची एक तक्रार वारंवार येते, तिचं उत्तर इथेच नोंदवून ठेवते. रूटलेस कंटेनरमध्ये यजमानाचं फोल्डर ओव्हरले व्हॉल्यूम म्हणून जोडलं आणि त्यातल्या एखाद्या फाइलीवर लिहायला गेलं की 'व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप' असं येतं. फाइल मोठी आहे म्हणून नव्हे. हाच तो ईओव्हरफ्लो. त्या फाइलीचा मालक, बहुधा यजमानाचा रूट किंवा दुसरा यूजर, तुमच्या नेमस्पेसच्या नकाशात नाही. फाइलीचा मालक बदला, किंवा लिहायच्या फाइली आधी प्रत करून स्वतःच्या नावाने ठेवा. /इटीसी/सबयूआयडी (यूजरला नेमस्पेससाठी दिलेल्या यूआयडींची यादी) मध्ये आवाका वाढवून दुसऱ्याचे यूआयडी आत ओढू नका. त्या फाइलीतला आवाका खऱ्या यूजरच्या यूआयडीवर गेला, तर तुमच्या कंटेनरला त्या यूजरच्या फाइलींवर पूर्ण हक्क मिळतो, आणि तेव्हा कर्नल कुठेच अडवणार नाही.